चार बोटं

नळाला अकराव्या दिवशी पाणी येतं,
तेही रात्री दोनच्या पुढं.
चंदनझिऱ्यात ज्याच्या घरी हौद नाही
त्याच्या घरी कुणी सोयरीक जुळवत नाही.

आमचा हौद पुढच्याच खोलीत, फरशीखाली.
वर पत्र्याचं झाकण, झाकणावर चटई,
चटईवर बसून पाहुणे पोहे खातात
अन् मी त्यांच्या मांडीखालचं पाणी मोजत असते.
साडेसात फूट.

चार्वी रांगायला लागली
त्या दिवशी मीही गुडघ्यावर बसून घर पाहिलं.
कूलरची ती वायर,
जिला आम्ही चार उन्हाळे
‘चप्पल घालून हात लाव’ एवढ्यावरच सांभाळून घेतलं,
ती बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीला.
थंड्याच्या बाटलीत थिनर.
दिवाणाखाली ह्यांच्या मिलमधून आलेली पत्र्याची पट्टी,
धार जशीच्या तशी.
आम्ही मोठी माणसं वरच्या घरात राहत होतो.
खालच्या घरात
ती एकटीच राहत होती.

थिनर माळ्यावर गेलं. पट्टी भंगारात.
हे म्हणाले, रविवारी कूलरला अर्थिंग करून देतो.
रविवार येतात.
मी वायरच कापून टाकली.
घामोळ्या परवडल्या.

हौद उचलून माळ्यावर ठेवता येत नाही.

मग जुनी सुती साडी फाडली.
एक टोक तिच्या कमरेला, एक दिवाणाच्या पायाला,
मधे गाठी मारत, सोडत, पुन्हा मारत मोजलं :
पालथी पडून तिनं हात लांब केला
तरी काठाच्या अलीकडं चार बोटं.

नसीमभाभी हसली, काय गं, शेळी बांधलीस का?
सासूबाई म्हणाल्या,
आमची सहा लेकरं मोकळीच वाढली.
‘सहा’ म्हणताना त्यांची जीभ जरा अडली.
मी ह्यांना धरून पाचच भावंडं पाहिलीत.
विचारलं नाही.

तिच्या पायात वाळे घातलेत, घुंगरांचे.
येणारी-जाणारी म्हणतात, किती गोड.
ते शोभेचे नाहीत.
वाजतात तोवर मी भाकरी थापते.
थांबले की
तव्यावरची करपली तरी चालते.

परवा पाणी आलं. हे रातपाळीला.
झाकण उघडं, पाइप आत, मोटर सुरू,
मी मागच्या मोरीत ड्रम भरतेय.
मोटरच्या घरघरीत वाळे ऐकू येईनात
म्हणून बटण बंद केलं.
तेवढ्यात ऐकलं,
घुंगरू पाण्यात पडल्याचं.

मोरीपासून हौद नऊ पावलं आहे.
मला त्यातलं एकही आठवत नाही.

ती पालथी होती.
साडीची पट्टी ताणून ताणून दोरी झालेली,
हात पुढं, बोटं फाकलेली,
एक पाय उघडा.
काढलेला वाळा तिनं फेकला होता
अन् पाण्यावरची गोल वर्तुळं बघून
खदाखदा हसत होती.

मी तिच्या बोटांच्या पुढं माझी बोटं ठेवून पाहिली.
एक, दोन, तीन, चार.
मग फरशीचा काठ.
मग पाणी.

मी किती वेळ तशी बसले माहीत नाही.
मागं सासूबाई उभ्या होत्या,
पदर तोंडाशी धरून.
मला वाटलं आता ओरडतील,
चांदीचा वाळा गेला म्हणून.
त्या खाली बसल्या,
गुडघे कुरकुरले,
दिवाणाच्या पायाची गाठ चाचपून पाहिली,
मग तिच्या कमरेची.

वाळा अजून हौदातच आहे.
अकरा दिवसांचं पाणी उपसा
असं आमच्याकडं कुणी सुचवत नाही.
जाळी करून आणतो म्हणालेत हे,
ह्या रविवारी.

सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या,
हौदाकडं न बघता,
अजून दोन बोटं आखूड कर.